ढोलकी कोणाची? संगमनेरच्या अनंत फंदीची गोष्ट, आणि त्याच्या मागे बसलेल्यांची

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी लेखी उतारा. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

००:०० एक रील, एक कमेंट

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आज विषय ढोलकीचा आहे आणि फोनच्या स्पीकरवर ढोलकी म्हणजे नुसती टकटक.

चैत्रात गावच्या यात्रेला गेलो होतो. रात्री तमाशा होता. मी पुढे बसून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. पुढे गाणारी बाई, मागे साथीदार. खरं सांगतो, व्हिडिओ काढला तो ढोलकीसाठीच. असा हात मी आधी ऐकला नव्हता. घरी येऊन रील टाकली. फडाचं नाव टाकलं, गावाचं टाकलं, दहा हॅशटॅग टाकले. सकाळी उठून बघतो तर माझ्या कुठल्याच रीलला कधी आले नव्हते एवढे व्ह्यूज. आणि सगळ्यात वरची कमेंट काय? "ढोलकी कोण वाजवतंय?"

मला माहीत नव्हतं.

फड तोवर पुढच्या गावाला गेलेला. यात्रा कमिटीतल्या एका काकांना विचारलं, तर त्यांनी सुपारीची पावती काढून दाखवली. पावतीवर फडमालकाचं नाव, रक्कम, तारीख. ढोलकीवाल्याचं नाव त्यावर कशाला असेल? काका म्हणाले, "अरे, तमाशा बघायचा का हजेरी घ्यायची?"

त्या कमेंटला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण त्या निमित्ताने वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आपल्याच जिल्ह्यातल्या, अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसापर्यंत पोचलो. तो स्वतः गाणी लिहायचा, स्वतः गायचा, फड घेऊन गावोगाव फिरायचा, आणि त्याचं नाव आजही टिकून आहे. अनंत फंदी. आजचा प्रश्न एवढाच: त्याचं नाव कसं टिकलं, आणि त्याच्या मागे बसून वाजवणाऱ्यांचं तसं का टिकलं नाही?

०२:२० कोण हा फंदी?

आधी माणूस बघू. अनंत भवानीबावा घोलप. जन्म १७४४, संगमनेर. मृत्यू १८१९. म्हणजे पानिपत झालं तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा चौऱ्याहत्तरीचा म्हातारा. पेशवाईचा सगळा उत्तरार्ध त्याने उघड्या डोळ्यांनी बघितला.

आडनाव घोलप, मग फंदी कुठून आलं? सांगतात ते असं. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. त्याचं वागणं जरा जगावेगळं, म्हणून लोक त्याला फंदी म्हणायचे. ब्राह्मणाघरच्या या अनंताची त्याच्याशी गट्टी जमली. दोघं सतत बरोबर. मग लोकांनी त्यालाही तेच नाव चिकटवलं. आता विचार करा, एका फकिराच्या दोस्तीतून आलेलं टोपणनाव, आणि पोराने ते झटकून टाकलं नाही. उलट आयुष्यभर प्रत्येक कवनात अभिमानाने मिरवलं. घोलप हे आडनाव मागे पडलं, फंदी पुढे गेलं.

काय लिहिलं त्याने? लावण्या लिहिल्या, पोवाडे लिहिले, कटाव लिहिले. आणि एक प्रकार तर त्याच्याच नावावर लागतो: फटका. फटका म्हणजे उपदेशाचं गाणं, पण प्रवचनासारखं गोडगोड नाही. चाबकाचा फटका बसावा तशी एकेक ओळ येते. असं वाग, तसं वागू नकोस, सरळ तोंडावर. 'बिकट वाट' या शब्दांनी सुरू होणारा त्याचा फटका अनेक पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचला. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा, बरेचसे अजूनही धडाधड म्हणून दाखवतील.

त्या काळात शाहिरांची फळीच होती. सोलापूरचा राम जोशी, पुण्याचे होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, आणि आपल्या शेजारच्या सिन्नर भागातला परशराम. जातीपाती बघा: राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान, परशराम शिंपी. सगळे एकाच धंद्यात आणि एकमेकांचे स्पर्धक. त्यातल्या होनाजीने फंदीला कवनांचा समुद्र म्हटलंय. स्पर्धकाने केलेली स्तुती आहे ही, म्हणून तिचं वजन जास्त.

०५:०५ फड चालतो कसा

आता जरा मागे वळून बघू. म्हणजे स्टेजवर मागे.

शाहीर एकटा कधीच नसतो. तो पुढे उभा, हातात डफ. मागे ढोलकी, तुणतुणं, झांज किंवा मंजिरी, हलगी. आणि झीलकरी. झील म्हणजे काय? शाहीर ओळ म्हणतो आणि शेवटाला थांबतो. तिथून मागचे लोक तो सूर उचलतात, धरून ठेवतात, ध्रुवपद परत परत म्हणतात. पोवाड्यातलं 'जी जी रं जी' तुम्ही ऐकलंच असेल. ते नुसतं सजावटीसाठी नाही. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. लोक डुलायला लागले असतील तर लय वाढवायची, पेंगायला लागले असतील तर मध्येच कोटी करायची. हा निर्णय तो त्या तीन-चार सेकंदांत घेतो. ते सेकंद त्याला मागचे लोक मिळवून देतात.

तुणतुणं घ्या. एक तार. त्यावर चाल वाजत नाही, फक्त एकच सूर. पण तो एक सूर गेला की शाहीर भरकटतो. माईक नाही, मॉनिटर नाही, समोर शेकडो माणसं, मशालीचा उजेड. अशा वेळी 'तुझा सा इथे आहे' असं सतत कानात सांगणारं वाद्य म्हणजे तुणतुणं. नाव चेष्टेचं झालंय, 'तेच तुणतुणं' असं आपण म्हणतो, पण ते सतत तेच वाजतं म्हणून तर बाकीचे मोकळे होतात.

आणि ढोलकी. एक पुडी चढ्या सुराची, दुसरी घुमणारी. लावणीत ढोलकी नुसता ताल धरत नाही, ती बोलते. गाणारीने एक अदा केली की ढोलकीने तिला उत्तर द्यायचं. पुष्कळदा टाळी ढोलकीच्या तोड्यावर पडते आणि जाते पुढच्या कलाकाराच्या खात्यावर.

इंग्रजी संगीतात अशा वादकाला 'सेशन म्युझिशियन' म्हणतात. ठरलेल्या पैशात, ठरलेल्या वेळेपुरता, दुसऱ्याच्या गाण्यात वाजवणारा माणूस. आपल्याकडे साधा शब्द आहे: साथीदार.

०७:४० सही ओळीतच

आता मुद्द्यावर येतो. फंदीचं नाव टिकलं कसं?

त्याने ते गाण्यात शिवून टाकलं. त्या काळच्या कवनांत शेवटी कवीचं नाव येतं. तुकोबांच्या अभंगात 'तुका' येतं, नामदेवांच्या अभंगात 'नामा' येतं, तीच पद्धत शाहिरांची. याला नाममुद्रा म्हणतात. फंदीच्या रचनांत 'फंदी' किंवा 'अनंत फंदी' असं येतं. आणि हे नाव वेगळं चिकटवलेलं नसतं. ते वृत्तात बसलेलं असतं, यमकात अडकलेलं असतं. काढायला गेलात तर ओळ लंगडी होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे गिटमध्ये कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली त्याची नोंद राहते. (ती बहुतेक वेळा चूक कोणाची हे शोधायलाच उघडतात, ते सोडा.) नाममुद्रा ही तशीच नोंद आहे, फक्त ती वेगळ्या फाइलमध्ये नाही, ओळीच्या आतच आहे. गाणं कॉपी झालं की नावही कॉपी होतं. छापखाना नव्हता, रेकॉर्ड नव्हती, फोन नव्हता. तरी नाव गाण्याबरोबर फिरत राहिलं.

पण ही सोय कोणाला? शब्द लिहिणाऱ्याला. ढोलकीवाला आपली सही कुठे करणार? त्याचा तोडा हवेत वाजला आणि विरला. झीलकऱ्याने तर शाहिराचंच नाव घोळून घोळून म्हणायचं.

एक अपवाद बघा, फार गोड आहे. होनाजी बाळा हे नाव ऐकलं की वाटतं एकच माणूस. तसं नाही. होनाजी शिलारखाने हा गवळी, तो कवनं लिहायचा. बाळा करंजकर हा त्याचा जोडीदार, तो गायचा. लिहिणारा आणि गाणारा अशी दोन नावं एकत्र चालली आणि लोकांनी त्यांचं एकच नाव करून टाकलं. १९५१ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' हा सिनेमा काढला, तो याच होनाजीवर. म्हणजे साथीदाराचं नाव टिकू शकतं. पण त्यासाठी लिहिणाऱ्याच्या नावाला जोडून घ्यावं लागतं.

१०:१० महेश्वरची आख्यायिका

फंदीच्या आयुष्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आता. ही आख्यायिका आहे, तशीच ऐका.

फड घेऊन फंदी होळकरांच्या राज्यात, महेश्वरला गेला. तिथे अहिल्याबाई होळकर. त्यांनी त्याची कला बघितली, कदर केली, बिदागी दिली. पण एक गोष्ट ऐकवली: एवढी बुद्धी आहे, वाणी आहे, ती तमाशात का घालवतोस? कीर्तन कर. फंदीच्या ते मनाला लागलं. त्याने डफ सोडला आणि कीर्तनाकडे वळला.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात विशेष लागते, कारण अहिल्याबाई आपल्याच. १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्म. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते त्यांच्यावरून. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात जन्मलेली दोन माणसं शेकडो किलोमीटर दूर नर्मदेकाठी भेटली आणि एकीने दुसऱ्याचं करिअर बदललं, अशी ही गोष्ट.

पण ती ऐकताना माझ्या मनात दोन प्रश्न येतात.

पहिला, तारखांचा. अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ ला. त्याच वर्षी ११ मार्चला खर्ड्याची लढाई झाली आणि त्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. महेश्वरची भेट आधीची धरली, तरी त्याने लोकांसाठी लिहिणं काही सोडलं नाही. तमाशा सुटला असेल, शाहिरी सुटली नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून त्याने सवाई माधवरावावर ओवीबद्ध ग्रंथही लिहिला. लावणी, पोवाडा, फटका, कीर्तन, ओवी. मागणी बदलली तसा हात बदलला, आणि प्रत्येक वेळी जमवून दाखवलं.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. शाहिराने डफ खाली ठेवला तेव्हा फडाचं काय झालं? कीर्तनाला टाळ लागतो, मृदंग लागतो. ढोलकी आणि तुणतुणं लागत नाही. पुढच्याने मार्ग बदलला की त्याला समाजात मान मिळतो. मागच्यांना मात्र दुसरा फड शोधावा लागतो. आख्यायिका सांगणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडलेला मला दिसला नाही. आपल्याला पडायला हरकत नाही.

१२:५० खर्डा: तेव्हाची ब्रेकिंग न्यूज

खर्डाही जामखेड तालुक्यातलंच. चौंडीपासून फार लांब नाही. किल्ला आजही आहे, जाऊन या.

या लढाईत एका बाजूला हैदराबादचा निजाम, दुसऱ्या बाजूला तरुण सवाई माधवराव पेशवे आणि कारभारात नाना फडणवीस. फौजेची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. शिंदे, होळकर, भोसले, सगळ्यांच्या फौजा एकत्र. पेशव्यांच्या झेंड्याखाली सगळे मराठे सरदार असे जमले ते शेवटचंच. निजाम हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला, आणि तहावर सही करून सुटला.

ही बातमी गावागावांत पोचणार कशी? पोवाड्यातून. शाहीर हा तेव्हाचा बातमीदार. आणि लढाईचे पोवाडे ऐकलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल: सरदारांच्या नावांची लांबच लांब यादी. हा आला, तो आला, अमुक डाव्या बाजूला, तमुक उजव्या बाजूला. आपल्याला आज ती यादी कंटाळवाणी वाटते. पण समोर बसलेल्या सरदाराला आपलं नाव ऐकू येणं महत्त्वाचं होतं, कारण बिदागी त्याच्याकडून यायची. सिनेमाच्या सुरुवातीला निर्मात्यांची नावं येतात ना, तसंच.

म्हणजे हिशोब बघा. पैसे देणाऱ्याचं नाव गाण्यात आहे. लिहिणाऱ्याचं नाव गाण्यात आहे. वाजवणाऱ्यासाठी गाण्यात जागाच नाही.

तरी एक गोष्ट फंदीच्या बाजूने सांगायलाच हवी. तो नुसता देणाऱ्याचं गाणारा नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात वाडवडिलांच्या काळापासूनचे जुने चाकर उपाशी पडले, त्यांना भाकरी मिळत नाही, हे त्याने उघडपणे लिहिलं. ज्याच्या दरबाराकडून आपल्यालाही काही मिळायचं, त्याच्याच राज्यातली ही गोष्ट. आणि शब्द तर बघा कोणासाठी खर्च केले: चाकरांसाठी. ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात त्यांच्यासाठी.

१५:०० गाणी वाचवली कोणी?

आता कहाणीला एक वळण आहे. ते वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

फंदी १८१९ ला गेला. पेशवाई त्याच्या वर्षभर आधीच संपलेली. दरबार गेले, बिदागी गेली. मग हे पोवाडे आपल्यापर्यंत आले कसे? पोवाड्यांचा पहिला मोठा छापील संग्रह निघाला १८९१ मध्ये. हॅरी अ‍ॅक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी तो केला. (मुंबईकरांनो, वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ज्याच्या नावाने आहे, तोच हा अ‍ॅक्वर्थ.) १८९४ मध्ये त्याने काही पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरंही छापली.

त्यांनी पोवाडे गोळा केले कुठून? गोंधळ्यांच्या तोंडून. गावोगाव संबळ आणि तुणतुणं घेऊन फिरणाऱ्या, लग्नानंतर गोंधळ घालणाऱ्या लोकांनी ते पाठ ठेवले होते. पन्नास-पंचाहत्तर वर्षं, पिढ्यान् पिढ्या. त्यांनी म्हणून दाखवायचं आणि समोरच्याने उतरवून घ्यायचं.

कळलं का काय झालं? शाहिराचं नाव ओळीत होतं, पण ती ओळ जिवंत ठेवली मागच्यांनी. गोंधळ्याने शंभर वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी शाहिराचं नाव घेतलं, स्वतःचं एकदाही नाही. पुस्तक छापलं तेव्हाही कवनाखाली नाव आलं ते शाहिराचं. अनंत फंदी आपल्याला माहीत आहे कारण त्याचं नाव प्रामाणिकपणे पुढे नेणारी माणसं होती. त्यातलं एकही नाव मला आज इथे घेता येत नाही.

१७:१० नॅशव्हिल आणि मुंबई

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. अमेरिकेत कंट्री म्युझिक म्हणून प्रकार आहे. शेत, लांबचे रस्ते, घर, दारू, देव, विरह अशा विषयांची गावाकडची गाणी. नॅशव्हिल हे त्याचं पंढरपूर. तिथला एक मोठा गायक म्हणजे ग्लेन कॅम्पबेल. आर्कान्सा राज्यातल्या गरीब शेतकरी घरातला, १९३६ चा जन्म. प्रसिद्ध होण्याआधी तो लॉस एंजेलिसमध्ये सेशन वादक होता. स्वरलिपी वाचता येत नसे, पण गिटारवर हात असा की बीच बॉइज, एल्विस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा अशा लोकांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याने वाजवलं. लोकांनी ती गाणी लाखोंनी विकत घेतली, गिटार कोणाची हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. १९६७ पासून तो स्वतःच्या नावाने गाजला, १९७५ मध्ये त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. पण तो पुढे येऊन गाऊ शकला म्हणून. त्याच्या शेजारी बसून वाजवणारे कितीतरी मागेच राहिले.

आणि मुंबई. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातलं व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांतलं पुष्कळसं गोव्याच्या माणसांनी वाजवलं. स्वरलिपी लिहिणारे, वाद्यवृंद बसवणारे पुष्कळदा तेच. पडद्यावर नाव संगीतकाराचं. त्यातले एक अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला आणि त्यात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन हेच नाव सांगत नाचतो. प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. सगळ्या देशाला नाव पाठ झालं, आणि बहुतेकांना वाटलं की हे सिनेमासाठी बनवलेलं नाव आहे!

पण ती युक्ती बघा. साथीदाराचं नाव टिकवायला शेवटी तेच करावं लागलं जे फंदीने केलं होतं: नाव गाण्याच्या ओळीत घालणं.

१९:३० नाव म्हणजे नुसता मान नाही

कोणी म्हणेल, नाव नसलं म्हणून काय बिघडलं, पैसे मिळाले ना? इथे कायदा थोडा समजून घेऊ.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. गायक-वादकांसारख्या कलाकारांचे हक्क त्यात ठळक झाले. त्यात एक हक्क असा की, हे सादरीकरण माझं आहे अशी ओळख कलाकाराला मिळाली पाहिजे. छान. पण त्याच कायद्यात सिनेमापुरती एक अट आहे. ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला त्या कायद्यापुरतं 'कलाकार' धरलं जात नाही. अपवाद एवढाच की, त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला धक्का लावला तर तो दाद मागू शकतो.

म्हणजे नाव देण्याचा रिवाज नसणं हीच गोष्ट माणसाच्या विरोधात जाऊ शकते. ज्याचं नाव कधीच लिहिलं गेलं नाही, त्याने 'तिथे मी वाजवलं होतं' हे सिद्ध कशाने करायचं? नोंद नसेल तर हक्क मागायला पुराव्यापासून सुरुवात.

तमाशाचं गणित तर अजून अवघड. हंगाम काही महिन्यांचा. चैत्राच्या यात्रांच्या आधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. करार होतो फडमालकाशी. साथीदाराचं आणि मालकाचं जे काही ठरतं ते बहुतेक तोंडी. आता यात फडमालकाला खलनायक करू नका. ट्रक, तंबू, जनरेटर, पन्नास-शंभर माणसांचं जेवण, हे सगळं त्याच्या डोक्यावर. पाऊस आला की सगळं पाण्यात.

संगमनेर आजही या कलेचं गाव आहे. तमाशातल्या मोठ्या कलावंत कांताबाई सातारकर इथेच राहिल्या. बाई असून वगात शिवाजी महाराजांची भूमिका गाजवली त्यांनी. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर फड चालवतात. फंदीच्या गावात ढोलकी अजून वाजते, हे काही थोडं नाही.

२२:०० तर आपण काय करायचं?

मी काही चळवळ सुरू करा म्हणणार नाही. एक छोटी गोष्ट सांगतो, ती आपल्या हातात आहे.

पुढच्या यात्रेला, जत्रेला, भजनाला, गोंधळाला गेलात आणि फोन काढलात, तर व्हिडिओ काढण्याआधी किंवा नंतर मागे जा. साथीदार बिड्या ओढत, चहा पीत बसलेले असतात. विचारा, "मामा, नाव काय तुमचं? गाव कोणतं? टाकू का व्हिडिओवर?" हो म्हणाले तर लिहा. ढोलकी: अमुक अमुक. तुणतुणं: अमुक. झील: अमुक. नाही म्हणाले तर त्यांची मर्जी. पण हॅशटॅगसारखं नुसतं खाली नका टाकू. व्हिडिओवरच अक्षरं उमटवा, म्हणजे कोणी डाउनलोड करून दुसरीकडे टाकलं तरी नाव बरोबर जाईल. फंदीने अडीचशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. गाणं जिथे जाईल तिथे नाव गेलं पाहिजे, अशी सोय.

माझ्या त्या रीलवर आता मी बदल केलाय. वर लिहिलंय: 'ढोलकीवाल्यांचं नाव विचारायला मी विसरलो. ओळखत असाल तर सांगा, त्यांना विचारून टाकतो.' अजून कोणी सांगितलेलं नाही. फड पुढच्या चैत्रात पुन्हा आमच्या बाजूला येईल असं कमिटीतले काका म्हणतात. यंदा मी पुढे बसणार नाही. मागे जाऊन बसणार.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, हा भाग कोणाला पाठवायचाच असेल, तर तुमच्या ओळखीच्या एखाद्या साथीदाराला पाठवा.